जुना संच, नवी पेटी

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते कार्यान्वित झाली आणि तिच्याबरोबर सेक्टरांमध्ये आखलेली एक नवी नगरीही आकाराला आली. देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे तेथे आली, त्यांत मराठी कुटुंबेही होती. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा नागपूर ही राजधानी असलेल्या राज्याचाच भाग होता आणि मुंबई-नागपूर-हावडा हा लोहमार्ग भिलाईच्या अंगणातूनच जातो. त्यामुळे मराठी माणसाला ही भूमी परकी कधीच वाटली नाही. कारखान्यातून निवृत्त झालेल्या अशा अनेक कुटुंबांच्या दिवाणखान्यात आजही जाड पाठीचा, काचेच्या पडद्याचा एकवीस इंची दूरचित्रवाणी संच आपली जागा राखून आहे. मुले पुण्याला किंवा बंगळुरूला स्थायिक झालेली असतात, घरी येताना 'नवा टीव्ही घेऊन टाका' असे सांगून जातात. पण संच चालू आहे, रंग चांगले आहेत, मग मोडीत का काढायचा, हा ज्येष्ठांचा प्रश्न रास्तच असतो. अडचण संचाची नसते. संचापर्यंत चित्र पोहोचण्याची जी वाट होती, ती बंद झालेली असते.

ही वाट दोन बाजूंनी बंद झाली. केबलचे अंकीकरण २०११ च्या कायदादुरुस्तीने सक्तीचे ठरले. महानगरांनंतर दुसऱ्या टप्प्यात ३८ शहरे आली. छत्तीसगडमधील एकही शहर त्यांत नव्हते. भिलाईचा क्रम उर्वरित नागरी भागांच्या तिसऱ्या टप्प्यात लागला. त्याची मुदत ३१ डिसेंबर २०१५ होती, पण न्यायालयीन याचिकांमुळे ती लांबत जाऊन २०१७ चा जानेवारी उजाडला. दुसरी बाजू दूरदर्शनच्या जमिनीवरील प्रक्षेपणाची. गच्चीवरच्या ॲल्युमिनियमच्या ॲन्टेनावर येणारे जुन्या पद्धतीचे हे प्रक्षेपण मोजकी सामरिक ठिकाणे वगळता २०२२ पर्यंत देशभर बंद करण्यात आले. ज्या घरांत तो ॲन्टेना अजूनही उभा आहे, तेथे संच लावला तर पडद्यावर केवळ मुंग्या दिसतात. संच बिघडला असे समजून दुरुस्ती कारागिराला बोलावणारे आणि नाहक पैसे देणारे ग्राहक कमी नाहीत.

इतर देशांत हा बदल अधिक वाजतगाजत झाला. अमेरिकेत १२ जून २००९ रोजी मोठ्या केंद्रांचे जुने प्रक्षेपण थांबले, तेव्हा तेथील सरकारने प्रत्येक घराला चाळीस डॉलरची दोन कुपने देऊ केली होती, जेणेकरून जुन्या संचाला जोडायची छोटी पेटी घेता यावी. ब्रिटनमध्ये हीच प्रक्रिया विभागवार होत २४ ऑक्टोबर २०१२ रोजी पूर्ण झाली. आपल्याकडे हा खर्च आणि ही निवड बव्हंशी ग्राहकाच्याच पदरी आली.

तसे पाहता आकाशातून येणारे चित्र पेटीच्या साहाय्याने पाहणे छत्तीसगडला नवे नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात 'साइट' या नावाने ओळखला जाणारा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग देशातील सहा राज्यांच्या सुमारे २४०० खेड्यांत झाला. अमेरिकेच्या 'एटीएस-६' या उपग्रहाचा त्यासाठी उपयोग करण्यात आला आणि तेव्हाच्या मध्य प्रदेशातील रायपूर परिसरातील गावे त्यांत होती. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीची, तीन मीटर व्यासाची डिश, तिला जोडलेली संकेत बदलणारी पेटी आणि मग संच, अशी ती रचना. ग्राममंडळी सायंकाळी एकत्र बसून तो संच पाहत. आज डिश हातात मावेल एवढी आणि पेटी खिशात मावेल एवढी झाली असली तरी तत्त्व तेच आहे: वरून येणारा संकेत जुन्या संचाला कळेल अशा भाषेत बदलून देणे.

पेटी निवडताना पहिली फसगत होते ती अक्षरांमुळे. सुपेल्याच्या किंवा पॉवर हाऊसच्या बाजारात, आणि त्याहूनही अधिक घरपोच खरेदीच्या संकेतस्थळांवर, 'डिजिटल रिसीव्हर' या एकाच नावाखाली तीन भिन्न वस्तू विकल्या जातात. खोक्यावर 'डीव्हीबी-एस२' असेल तर ती उपग्रहाची पेटी, 'डीव्हीबी-सी' असेल तर केबलची आणि 'डीव्हीबी-टी२' असेल तर जमिनीवरील मनोऱ्यावरून येणाऱ्या अंकीय प्रक्षेपणाची. या तिन्ही पेट्या बाहेरून सारख्याच दिसतात, किंमतही जवळपास असते. पण एकीचे काम दुसरी करीत नाही. परदेशात राहणाऱ्या मुलाने मोठ्या हौसेने पाठविलेली इवलीशी पेटी बहुधा टी२ जातीची असते, कारण युरोपात तीच सर्रास चालते.

टी२ भारतात मुळीच नाही असे मात्र नव्हे. दूरदर्शनने २५ फेब्रुवारी २०१६ रोजी १६ शहरांत ही सेवा सुरू केली आणि त्या यादीत रायपूरचे नाव होते. रायपूर ते भिलाई हे अंतर जेमतेम तीस किलोमीटर. तरीही घरातील मुख्य संचासाठी या पेटीवर विसंबणे शहाणपणाचे नाही. तिच्यावर वाहिन्या त्या दूरदर्शनच्या, मोजक्याच. आणि अंकीय प्रक्षेपणाचा एक गुणधर्म असा की ते क्षीण झाले तर जुन्यासारखे धूसर दिसत नाही, चित्र चौकोन चौकोन होऊन थिजते आणि मग पार नाहीसे होते. प्रक्षेपण केंद्रापासून दूर असलेल्या घराने गच्चीवर उंच ॲन्टेना लावावा, एवढे करून पदरात पाच-सहा वाहिन्या पडाव्यात, हा व्यवहार महागच म्हणायचा.

म्हणजे खरी निवड उपग्रह आणि केबल यांच्यात, आणि उपग्रहातही विनाशुल्क व सशुल्क यांच्यात राहते. दूरदर्शनची विनाशुल्क सेवा १६ डिसेंबर २००४ रोजी 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने ३३ वाहिन्यांसह सुरू झाली. आज ती 'डीडी फ्री डिश' म्हणून ओळखली जाते. एकदा डिश आणि पेटी यांचे साधारण दोन हजार रुपये मोजले की पुढे मासिक शुल्क नाही. मराठी घराच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे तिच्यावर दूरदर्शनची 'सह्याद्री' वाहिनी दिसते. खासगी वाहिन्यांना मात्र तेथे जागा लिलावाने मिळते. त्यामुळे आज दिसणारी एखादी मराठी मनोरंजन वाहिनी पुढील वर्षी दिसेलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही. विक्रेत्याने दिली तर ती मनावर घेऊ नये. ज्या घरात ठरावीक मराठी मालिका दररोज पाहिल्याच पाहिजेत असा नेम आहे, तेथे सशुल्क डीटीएच किंवा केबल यांना पर्याय नाही. १ फेब्रुवारी २०१९ पासून वाहिनीनिहाय दर लागू झाल्याने ग्राहकाला हव्या त्याच वाहिन्या निवडण्याचा अधिकार मिळाला आहे. तो वापरणारे थोडे आणि चालकाने आखून दिलेला संच मुकाट्याने घेणारे फार, ही वस्तुस्थिती आहे. समजा, महिन्याला अडीचशे रुपये जात असतील तर वर्षाचे तीन हजार होतात, म्हणजे फ्री डिशच्या एकूण खर्चाच्या दीडपट. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरात एका संचावर सशुल्क आणि आतल्या खोलीतील जुन्या संचावर विनाशुल्क, अशी वाटणी सर्वांत सोयीची ठरते.

सशुल्क सेवेची पेटी एका चालकाकडून घेतली की ती दुसऱ्याकडे चालत नाही. ही पेटी सर्वत्र चालावी अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२० साली केली होती; ग्राहकाच्या घरी मात्र चालक बदलला की पेटीही बदलावी लागते, हाच अनुभव आहे. म्हणून चालक निवडताना पेटीच्या आकारापेक्षा त्याचा कारागीर आपल्या सेक्टरमध्ये किती तासांत पोहोचतो, ही चौकशी अधिक मोलाची. फ्री डिशची पेटी बाजारात कोणाचीही घेता येते. ती घेताना 'एमपीईजी-४' हे शब्द खोक्यावर आहेत ना, एवढे पाहावे. जुन्या एमपीईजी-२ पेट्या अजून स्वस्तात विकल्या जातात, पण त्यांवर सर्व वाहिन्या दिसत नाहीत. भारतीय मानक ब्यूरोच्या नोंदणीची खूण नसलेली पेटी तर हातातही घेऊ नये. सेट टॉप बॉक्सला ही नोंदणी २०१२ च्या आदेशान्वये बंधनकारक झालेली आहे.

यानंतरचा प्रश्न संचाच्या पाठीशी जाऊन सोडवायचा असतो. विक्रेत्याकडे जाण्यापूर्वी संचाची मागची बाजू नीट पाहावी. हल्ली भ्रमणध्वनीवर तिचे छायाचित्र काढून नेणे फार उपयोगाचे पडते. पिवळी, पांढरी आणि लाल अशी तीन गोल छिद्रे दिसली तर काम सोपे. पिवळ्यातून चित्र, उरलेल्या दोहोंतून आवाज. संच एकाच ध्वनिवर्धकाचा असेल तर लाल छिद्र नसतेच. तेव्हा पांढरे जोडले की पुरते. अडचण अशी की नव्या छोट्या पेट्यांपैकी पुष्कळांना जागा वाचविण्यासाठी केवळ एचडीएमआयची खाच दिलेली असते, आणि ती जुन्या संचाला नसते. मग मध्ये एक परिवर्तक घ्यावा लागतो. येथे बाजारात हमखास गोंधळ होतो. 'एचडीएमआय ते एव्ही' आणि 'एव्ही ते एचडीएमआय' अशा दोन डब्या अगदी जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. जुन्या संचासाठी पहिली हवी. दुसरी आणली तर काहीच दिसत नाही आणि दोष पेटीला दिला जातो. परिवर्तकावर 'पाल' व 'एनटीएससी' असे लिहिलेली बारीक कळ असते. भारतीय संच पाल पद्धतीचे असल्याने ती पालकडे ठेवावी. चित्र कृष्णधवल दिसू लागले किंवा वर-खाली घरंगळू लागले तर प्रथम हीच कळ तपासावी.

काही छोट्या पेट्यांना एव्हीचा निर्गम असतो, पण तो तीन छिद्रांऐवजी हेडफोनसारख्या एकाच बारीक छिद्रातून. त्यासाठी एका टोकाला बारीक पिन आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगांच्या पिना असलेली तार लागते. दुकानात अशा तारा ढिगाने मिळतात, मात्र त्यांच्या आतील जोडणी एकसारखी नसते. चुकीची तार लावली की चित्र उमटत नाही आणि आवाजाच्या जागी घरघर ऐकू येते. म्हणून पेटीसोबत आलेली तारच वापरावी आणि ती खोक्यात आहे याची दुकानातच खात्री करून घ्यावी. ही तार हरवली तर पेटी बदलण्याएवढा मनस्ताप होतो, हे पुष्कळांना उशिरा कळते.

१९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतले आणि त्याआधीचे संच याहून अवघड. त्यांना ॲन्टेनाचीच काय ती एक खाच. अशा संचाला 'आरएफ' निर्गम असलेली पेटी किंवा स्वतंत्र मॉड्युलेटर लागतो. हा मॉड्युलेटर म्हणजे घरातल्या घरात चालणारे एक चिमुकले प्रक्षेपण केंद्रच. पेटीतून आलेले चित्र तो एखाद्या ठरावीक चॅनेलवर बसवून संचाला देतो आणि संचावर ते चॅनेल एकदा शोधून ठेवावे लागते. चित्र स्वच्छ पण आवाज नाही, अशी तक्रार येथे सर्वाधिक येते. तिचे कारण साधे आहे. भारतात चालणाऱ्या पाल-बी/जी पद्धतीत चित्र आणि आवाज यांच्या लहरींत ५.५ मेगाहर्ट्झचे अंतर असते. चीनमधील पाल-डी/के पद्धतीत ते ६.५ आहे. तेथील बाजारासाठी बनविलेला मॉड्युलेटर जोडला की संच आवाजाची लहर चुकीच्या ठिकाणी शोधत राहतो. मॉड्युलेटर घेताना 'बी/जी' हा उल्लेख पाहून घेतला की ही कटकट उद्भवत नाही.

जुन्या पडद्याची लांबी-रुंदी ४:३ या प्रमाणात आणि आजचे बहुतेक कार्यक्रम १६:९ मध्ये. पेटीच्या मांडणीत याचा पर्याय असतो. तो बदलला नाही तर माणसे उंच व हडकुळी दिसू लागतात, किंवा बातम्यांच्या पट्टीतील अक्षरे दोन्ही कडांना कापली जातात. वर-खाली काळी पट्टी स्वीकारून पूर्ण चित्र पाहणे हाच त्यातल्या त्यात बरा मार्ग. अतिसुस्पष्ट अर्थात एचडी वाहिन्यांसाठी जादा पैसे मोजण्यात मात्र अर्थ नाही. जुन्या संचाच्या ६२५ रेषांत ती सुस्पष्टता मावतच नाही.

आता आकाराविषयी. छोटी पेटी दिसायला देखणी असते, संचाच्या मागे दडविता येते, जागा अडवीत नाही. या सोयीची किंमतही असते. तिचा वीजपुरवठा बाहेरच्या ॲडॅप्टरमधून होतो आणि वीजदाबातील चढउतारांत पहिला बळी त्याचाच जातो. म्हणून त्यावर छापलेले व्होल्ट व ॲम्पिअर लिहून ठेवावेत, म्हणजे बदली ॲडॅप्टर तत्काळ मिळतो. भिलाईच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे झेपावतो. अशा वेळी संचाच्या गरम पाठीला चिकटवलेली बंदिस्त पेटी तापून बंद पडते. ती बाजूला, मोकळ्या हवेत ठेवावी आणि मागे दडवायचीच असेल तर दूरनियंत्रकाचा डोळा तारेने पुढे आणता येतो का, हे खरेदीपूर्वी विचारावे. तोंडावर आकडे दाखविणारी पट्टी छोट्या पेटीला बहुधा नसते. तरुणांना ते खटकत नाही. ज्यांची दृष्टी अधू झाली आहे, त्यांना मात्र पेटी चालू आहे की बंद, एवढेच कळणेही मोलाचे असते.

ज्येष्ठांच्या घरात निर्णायक ठरावी अशी एक बाब माहितीपत्रकात कधीच छापलेली नसते: वीज जाऊन परत आल्यावर काय होते? काही पेट्या शेवटची वाहिनी लक्षात ठेवून आपोआप सुरू होतात, काही निद्रावस्थेतच राहतात. जुना संचही वीज आल्यावर एव्ही सोडून पहिल्या चॅनेलवर जातो आणि पुन्हा मुंग्या दिसू लागतात. हातात दोन दूरनियंत्रक, कोणते बटण प्रथम दाबायचे ते आठवत नाही, मुलगा दूर गावी. घरात एकट्या असलेल्या वृद्धेचा सायंकाळचा सारा आधार असा एका कळीवर अडून बसतो. दुकानात पेटी जोडून, मुख्य कळ बंद करून पुन्हा चालू करून पाहावी. ही परीक्षा दोन मिनिटांची असते. दोन्ही कामे करणारा, मोठ्या कळांचा, शिकविता येणारा दूरनियंत्रक मिळाला तर तो थोडा महाग पडला तरी घ्यावा.

डिश बसविताना भिलाईच्या हिरवाईचाही विचार करावा लागतो. सेक्टरांतील क्वार्टरांभोवती वाढलेले कडुनिंब आणि आंबे उन्हाळ्यात जीव शांत करतात, तेच उपग्रहाच्या वाटेत आडवेही येतात. फ्री डिशचा संकेत ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतो. भिलाईहून पाहता तो दक्षिणेपासून सुमारे ३१ अंश पूर्वेकडे आणि क्षितिजापासून सुमारे ६२ अंश उंचीवर आहे. याचा अर्थ, त्या दिशेला डिशपेक्षा दहा मीटर उंच असलेले झाड साडेपाच मीटरच्या आत नसावे; त्याहून दूर असेल तर भिण्याचे कारण नाही. डिश स्वतः मात्र एवढी वर तोंड करून बसविलेली दिसत नाही, कारण तिची घडण तिरकस असते. कारागिराने ती बरीच उभी लावली म्हणून त्याच्याशी वाद घालू नये. मुसळधार पावसात काही मिनिटे चित्र जाणे हा या लहरींचा स्वभावच आहे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या आरंभी, दुपारपूर्वी थोडा वेळ रोज चित्र तुटू लागले तर तोही बिघाड नव्हे. त्या दिवसांत सूर्य उपग्रहाच्या नेमका मागे येतो. विजा कडाडत असताना मात्र पेटीची वीजजोडणी आणि डिशची तार दोन्ही काढून ठेवणे हिताचे.

पेटी दूरनियंत्रकाने बंद केली तरी ती वीज घेतच असते. दहा वॅट धरले तरी अहोरात्र चालू राहिल्यास वर्षाला जवळजवळ ८८ युनिट होतात. रात्री भिंतीवरची कळ बंद करण्याची सवय त्या मानाने फार स्वस्त. सशुल्क सेवेचे पैसे भरताना आणखी एक सावधगिरी हवी. 'आपली वाहिनी आज बंद होणार' असे सांगून दुवा पाठविणारे किंवा ओटीपी विचारणारे दूरध्वनी खरे मानू नयेत. भरणा चालकाच्या अधिकृत मार्गाने किंवा ओळखीच्या विक्रेत्याकडेच करावा.

आणि संच ठेवायचाच का, हेही एकदा स्पष्टपणे ठरवून टाकावे. चित्रनळी मंदावली असेल, चालू केल्यावर चित्र उमटायला कित्येक मिनिटे लागत असतील, रंगांचे डाग पडत असतील, तर पेटी, परिवर्तक आणि तारा यांवर खर्च करणे व्यर्थ. उपग्रहाचा ग्राहक आतच बसविलेल्या दूरचित्रवाणी संचांसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ च्या अखेरीस मानकही प्रसिद्ध केले आहे. नवा संच घेण्याची वेळ आलीच तर ही सोय आहे का, ते विचारावे, म्हणजे विनाशुल्क वाहिन्यांसाठी वेगळी पेटी लागणार नाही. जुना संच भंगारवाल्याच्या हातगाडीवर देऊ नये. त्याच्या काचेत शिसे असते आणि बंद संचाच्या आतही काही काळ प्राणघातक विद्युतभार राहू शकतो. त्यामुळे मागचे झाकण घरी उघडण्याचा मोह आवरावा. तो नोंदणीकृत ई-कचरा पुनर्चक्रीकरण केंद्राकडे किंवा नवा संच देणाऱ्या विक्रेत्याकडे अदलाबदलीत सोपवावा, आणि पेटी मात्र काढून ठेवावी. पिवळी, पांढरी आणि लाल छिद्रे अजून पुष्कळ नव्या संचांनाही असतात.